मी मागच्या कप्प्यातली बॅटरी

मी बॅटरी बोलतेय. मोटारीतली किंवा घरच्या इन्व्हर्टरची समजू नका, मी एका छोट्या मासेमारीच्या बोटीतली. आत्ता मी जिथं आहे तिथं उजेड गढूळ होऊन येतो आणि अंगाखाली मऊ चिखल आहे. मी इथं कशी आले ते मला सांगायचंय, आणि जरा घाईनं सांगायचंय, कारण माझ्या डोक्यावर पुन्हा बोटीची हालचाल सुरू झालीय.

माझा जन्म बेंगळुरूपासून फार लांब नसलेल्या एका कारखान्यात झाला. पोटात शिशाच्या जाळ्या, त्यांच्यात ॲसिड, वर काळं झाकण आणि त्यातून डोकावणारी दोन टोकं. तिथून मी बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या एका दुकानात आले. हॉर्न, आरसे आणि सीट कव्हरांच्या गर्दीत मी फळीवर बसून असायचे. येणारा जो तो रिक्षासाठी नाही तर टेम्पोसाठी बॅटरी मागायचा. मग एक दिवस एका चष्मेवाल्या माणसानं हिंदीत विचारलं, ‘‘बोट का इंजिन स्टार्ट करने के लिए कौनसी चलेगी?’’ दुकानातले सगळे वळून बघायला लागले. बेंगळुरूत बोट! मला मात्र फार बरं वाटलं. रिक्षाखाली जन्म काढण्यापेक्षा पाणी बरं, असं मला वाटलं. तेव्हा मी नवी होते.

त्या माणसाचं नाव शुभंकर. मूळचा भंडाऱ्याकडचा, नोकरीनं बेंगळुरूचा. जे. पी. नगरमध्ये त्याचा फ्लॅट, बायको आसावरी, तिसरीतली मुलगी सिद्धी. ऑफिसातला त्याचा मित्र देवाप्पा निपाणीकडचा, राहायला बनशंकरीला. दोघांनी मिळून एक जुनी फायबरची बोट घेतली होती आणि शहराबाहेरच्या एका जलाशयावर, नागराज नावाच्या ठेकेदाराच्या शेडमध्ये ती ठेवली होती. रविवारी गळ टाकून बसायचं आणि आठवडाभराच्या मीटिंगा विसरायच्या, असा त्यांचा बेत.

बोटीत माझं काम क्षणभराचं. बटण दाबलं की इंजिनाला एक सणसणीत धक्का द्यायचा, पुढचं इंजिन बघून घेतं. शिवाय बोटीत पाणी साचलं तर ते उपसणारा एक छोटा पंप माझ्यावर चालायचा. माझ्या जोडीला आणखी एक बॅटरी होती, माझ्या दीडपट जड. बोटीच्या पुढच्या टोकाला विजेवर चालणारी एक छोटी मोटर असते, ट्रोलिंग मोटर म्हणतात तिला. मासे बिचकू नयेत म्हणून ती आवाज न करता बोट हळूहळू सरकवते. त्या मोटरला तासन्‌तास वीज पुरवायचं काम या जाडजूड बाईचं. मी तिला थोरली म्हणायचे. ती फार बोलायची नाही. मला एका झटक्याच्या कामाचा तोरा होता आणि तिला दिवसभर रेटण्याचा, त्यामुळे आमचं फारसं जमलं नाही, पण भांडणही झालं नाही.

आम्हाला कुठं बसवलं होतं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माझी जाड वायर जितकी आखूड तितका माझा धक्का जोरकस, म्हणून मी मागे, इंजिनाजवळच्या कप्प्यात. थोरलीची मोटर पुढे, म्हणून थोरली पुढच्या फळीखाली. दोघींना पट्ट्यांनी घट्ट आवळलेलं. मागे इंजिन, पेट्रोलची टाकी, इंजिनाचा दांडा धरून बसलेला शुभंकर आणि मी. एवढं सगळं मागे असल्यावर पुढे थोरलीसारखं कुणीतरी हवंच. ती पुढे होती म्हणून बोट पाण्यावर सपाट बसायची. लाट आली तरी मागच्या काठापर्यंत पोचायची नाही. थोरली चुकून कधी चेष्टेत म्हणायची, ‘‘तुझ्या बाजूचं ओझं मी सांभाळते.’’ आणि ते खरं होतं.

चार्जिंगसाठी आम्हाला घरी न्यायचे. जे. पी. नगरच्या फ्लॅटच्या गॅलरीत, कुंड्यांच्या शेजारी, आम्ही वायरी लावून बसलेल्या असायचो. तिथंच मी रघुजींना पहिल्यांदा पाहिलं.

रघुजी म्हणजे शुभंकरचे वडील. बायको गेल्यावर मुलानं त्यांना गावाहून आणलं होतं. त्यांचं गाव तलावांच्या मुलखातलं आणि घर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारं. मुलगा शिकला, कंपनीत लागला, आणि म्हातारा चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर येऊन बसला. समोर दुसऱ्या इमारतीची गॅलरी. तिथली यल्लव्वा कपडे वाळत घालताना हसून काहीतरी विचारायची, ‘‘ऊटा आयता अज्जा?’’ जेवण झालं का आजोबा, एवढंच ते, पण रघुजींना कळायचं नाही. ते मान हलवायचे आणि नजर खाली घ्यायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. आसावरी स्वयंपाकघरात हळू आवाजात शुभंकरला म्हणायची, ‘‘बाबा आज दिवसभरात एक शब्द बोलले नाहीत. मला भीती वाटते रे.’’ आईच्या वेळी तो उशिरा पोचला होता आणि ते त्याला आतून खात होतं. हे मी गॅलरीत बसून ऐकलंय.

एका दुपारी रघुजींनी माझ्याकडं बोट दाखवून नातीला विचारलं, ‘‘हे का होय माय?’’

‘‘बॅटरी आहे आबाजी. बाबाच्या बोटची.’’

‘‘कायची?’’

‘‘बोट! फिशिंगची. बाबा आणि देवाप्पा अंकल जातात ना संडेला.’’

म्हातारा खुर्चीतून उठला. संध्याकाळी शुभंकर दारात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच त्यांनी विचारलं, ‘‘नाव हाय तुयापाशी? अन् मले सांगतलं नाही?’’ आवाजात राग होता, पण तो आवाज तरी होता. आसावरीनं पदराला डोळे पुसले. पुढच्या रविवारी रघुजी बोटीवर आले.

तो दिवस खरंच चांगला होता. रघुजींनी किनाऱ्यावर चपला काढल्या, पाण्यात उतरले, ओंजळीनं बोटीचं पुढचं टोक धुतलं आणि त्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं. गळाला आमिष कसं लावायचं यावरून मुलाला शिव्या घातल्या. देवाप्पानं त्यांना अप्पा म्हणायला सुरुवात केली आणि त्यांचं एकमेकांचं मराठी एकमेकांना अर्धं कळत नसतानाही दोघांचं छान जमलं. सगळं ठीक चाललं होतं. मग रघुजींनी पुढची फळी उचलली आणि खाली थोरली दिसली.

‘‘हे का भरून ठेवलं तोंडात?’’

‘‘पुढच्या मोटरची बॅटरी आहे बाबा.’’

‘‘ॲसिडाचं डबडं? नावेच्या तोंडात?’’ रघुजींनी हात झटकला. ‘‘माया बापानं डोंग्याच्या तोंडात कधी पाय नाही ठेवला. तिथं गंगामाय बसते. रिकामं ठेवा लागते ते. थ्या जागेवर आपलं वझं नाही ठेवत, बाबू.’’

शुभंकर ओशाळला, बघू म्हणाला, आणि त्या दिवशी विषय तिथंच राहिला. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. रघुजींच्या डोंग्याला ना इंजिन होतं ना पेट्रोलची टाकी. वल्ही मारणारी दोन माणसं मधे बसायची, तेव्हा तोंड रिकामं ठेवलं तरी काही बिघडत नव्हतं. आमच्या बोटीचं सगळं ओझं शेपटीकडं. पण मी बोलणार कुणाशी?

मग खंडेनवमी आली. बेंगळुरूत या दिवशी रस्त्यावरची प्रत्येक गाडी नवरीसारखी नटते आणि चौकाचौकात फुटलेल्या कोहळ्यांवरून घसरायची वेळ येते. इथं तिला आयुधपूजा म्हणतात. आमचीही पूजा ठरली. सगळी मंडळी जलाशयावर आली. पट्टे सोडून आम्हा दोघींना बाहेर काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं, चटईवर मांडलं आणि हळदकुंकू लावलं. आसावरीनं माझ्या दोन टोकांच्या मधोमध एक शेवंती ठेवली. नागराजनं कोहळा फोडला. गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं असतं, पण बोटीला चाकं कुठली, म्हणून थोडी चर्चा झाली आणि शेवटी लिंबं बोटीच्या पोटाखाली ठेवली. सिद्धीला त्याचं फार हसू आलं. मीही मजेत होते.

आरती झाली आणि आम्हाला परत बोटीत ठेवायची वेळ आली. रघुजी नवं धोतर नेसून आले होते. कपाळावर गुलाल होता. ते म्हणाले, ‘‘बाबू, आज पूजा झाली. आता थे काळं डबडं परत तोंडात नोको टाकू.’’

शुभंकरनं वडिलांकडं पाहिलं. त्या घरात आल्यापासून रघुजींनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. ना खाण्याचं काही मागितलं, ना गावी जाऊ दे म्हणाले. ‘‘बरं बाबा,’’ शुभंकर म्हणाला. थोरली मागे आली. कप्पा एकीसाठीच बनवलेला, त्यात दोघींना शेजारी शेजारी कोंबलं. एकीचा पट्टा दोघींना पुरेना, म्हणून तो काढूनच टाकला. थोरलीची मोटर तर पुढेच राहिली होती. मग मागच्या कप्प्यापासून पुढच्या टोकापर्यंत लांबलचक वायर तळावरून टाकली आणि मधे मधे चिकटपट्टी लावली.

देवाप्पानं शुभंकरला बाजूला घेतलं. दोघं माझ्याच अंगावर वाकून बोलत होते.

‘‘शुभंकर, मागं लई भार होतंय बघ. इंजिन मागं, टाकी मागं, तू मागं. आता ह्या दोघी बी मागंच.’’

‘‘मला कळतंय रे. पण बाबा किती दिवसांनी काहीतरी मागतायत. दिवाळीनंतर करू काहीतरी ॲडजस्ट.’’

‘‘अप्पांना स्वल्प समजावून सांगूया की.’’

‘‘तू सांगतोस?’’

देवाप्पानं रघुजींकडं पाहिलं. ते नातीला रिकाम्या टोकावर फूल कसं वाहायचं ते शिकवत होते. ‘‘सरी, बरं,’’ देवाप्पा म्हणाला, ‘‘राहू दे तर मग.’’ आणि तो फोटो काढायला गेला. मोठ्या माणसासमोर तोंड उघडायचं नाही, ही सवय दोघांनाही चांगल्या घरातून मिळालेली होती. मला त्यांचा राग आला आणि आजही आहे. माणसं प्रेमापोटी गप्प बसतात तेव्हा त्यांना वाटतं आपण काहीच केलेलं नाही.

त्यानंतरच्या प्रत्येक फेरीला मला फरक जाणवायचा. पूर्वी काठाबाहेर राहणारं पाणी आता कप्प्याच्या अगदी पलीकडं चुळचुळायचं. बोट वेगात निघाली की नाक वर करायची आणि शेपटी खाली बसायची. परत येईतो माझ्या बुडाशी ओल असायची. शुभंकर ते फडक्यानं पुसून टाकायचा. वळण घेताना थोरली इंचभर सरकायची आणि माझ्या अंगावर रेलायची. एकदा ती म्हणाली, ‘‘मला इथं बरं वाटत नाही.’’ इतक्या दिवसांत तिनं स्वतःहून केलेली ही पहिली तक्रार. मी तिला म्हटलं, दिवाळी होऊ दे, नेतील तुला पुढं.

वर मात्र आनंदीआनंद होता. रघुजी बोलायला लागले होते. यल्लव्वाला आता ते गॅलरीतून ‘‘आयतु, आयतु’’, म्हणजे झालं झालं, असं उत्तर द्यायचे. एवढी पोथी त्यांनी सिद्धीकडून पाठ केली होती. रात्री जेवताना मरळ गळाला कशी लागली याची गोष्ट सांगायचे. आसावरी म्हणायची, ‘‘बोटीनं बाबांना परत आणलं.’’ ते ऐकून शुभंकरचा चेहरा उजळायचा आणि मला माझ्या बुडाशी साचणारी ओल आठवायची.

दिवाळी झाली. कुणी काही ॲडजस्ट केलं नाही.

तो रविवार स्वच्छ उन्हाचा होता. बोटीत तिघं: शुभंकर, रघुजी आणि देवाप्पा. लाइफ जॅकेटं होती, पण ती फळीवर गादीसारखी अंथरलेली. रघुजींना कुणी जॅकेट घाला म्हटलं की ते हसायचे, ‘‘तलावात जलम गेला माया.’’ आणि वडील घालत नाहीत तर मुलगा कसा घालणार? परतीच्या वाटेवर रघुजींनी गळ मागे सोडला. चालत्या बोटीमागून गळ ओढत नेला की मोठा मासा लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी ते मागच्या फळीवर मुलाशेजारी येऊन बसले. शेपटी आणखी खाली गेली. पुढची फळी नेहमीसारखी रिकामी, तिच्यावर सकाळचं फूल.

एकदम दोर ताणला. रघुजी ओरडले, ‘‘थांबव बाबू! लागला! थांबव!’’

शुभंकरनं इंजिन झटकन मंद केलं. देवाप्पा जाळं घेऊन मागे धावला. आता तीन माणसं, इंजिन, टाकी आणि आम्ही दोघी, सगळे एका टोकाला. चालती बोट अशी अचानक थांबली की तिनं मागे उठवलेली लाट काही थांबत नाही. ती आपली येतच राहते. मागचा काठ उंच असला तर ती त्यावर आपटून फुटते. आमचा काठ पाण्याला टेकलेला होता. लाट काठावरून सरळ आत आली, आणि तिच्या मागून दुसरी.

पहिला गारठा मला लागला. पंप सुरू झाला, मी माझ्या अंगात होतं नव्हतं ते सगळं त्याला दिलं, पण त्या एवढ्याशा पंपानं किती उपसावं! इंजिन गुदमरून बंद पडलं. शुभंकरनं बटण दाबलं. मी धक्का दिला. त्यानं पुन्हा दाबलं, मी पुन्हा दिला. इंजिनात पाणी गेलं होतं. ‘‘पुढं जा! बाबा, पुढं जा!’’ शुभंकर ओरडला. तेव्हा त्याला कळलं होतं. पण उशीर झाला होता. आत आलेलं पाणी एका बाजूला धावलं, त्याच्याबरोबर थोरली घसरली, तिच्यामागं मी, आणि बोट त्याच कुशीवर कलली.

रघुजींनी आधी मुलाला ढकललं. दोन्ही हातांनी, जोरात, बोटीपासून दूर. ‘‘तू निंग!’’ एवढंच म्हणाले. त्यांना पोहणं शिकवायची गरज नव्हती, तिघांमध्ये पाण्याचं भय सगळ्यांत कमी त्यांनाच. पण थोरली काठावरून पाण्यात गेली तेव्हा तिच्या मागोमाग ती लांबलचक वायरही गेली, आणि त्या वायरीचा वेढा रघुजींच्या पायाला बसला. थोरलीचं वजन मी सांगितलंच आहे. तिला थांबता येईना. तिनं हे मुद्दाम केलं नाही, हे मला कुणालातरी सांगायचं होतं, ते आज सांगितलं.

इंजिनाची वायर हिसकून मी त्यांच्या शेजारूनच खाली आले. मी त्यांना पाहिलं. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

शुभंकर आणि देवाप्पा जॅकेटांना धरून राहिले. नागराज दुसरी नाव घेऊन आला आणि त्यांनी त्या दोघांना काठावर नेलं. मग बुडी मारणारी माणसं आली, त्यांनी वायर कापली आणि रघुजींना वर नेलं. बोट उपडी होऊन तरंगत होती, तीही ओढून नेली. आम्हा दोघींना कोण शोधणार? आम्ही इथंच राहिलो. पाण्याखालून आवाज जाडेभरडे होऊन येतात, पण येतात. काठावर जो तो म्हणत होता, वायरीनं घात केला. वायर पायात अडकली. वायर नीट बांधायला हवी होती. सगळ्यांना वायर सापडली आणि सगळ्यांचं समाधान झालं. वायर एवढी लांब का होती, थोरली मागे का होती, लाट आत कशी आली, हे कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्याच्या शब्दाला दोष द्यायची ती वेळही नव्हती.

दिवस गेले. थोरली हळूहळू चिखलात रुतली, तिचा आता एकच कोपरा दिसतो. माझ्या अंगावर शेवाळ चढलंय. उन्हाळा लागला आणि पाणी उतरायला लागलं. किनारा सरकत सरकत माझ्यापासून हाकेच्या अंतरावर आला. माझ्या डोक्यावर आता फार पाणी उरलेलं नाही, आणि काठावरचं बोलणं नीट ऐकू येतं.

आज सकाळी गाडीची दारं वाजली. शुभंकरचा आवाज मी लगेच ओळखला. आता तो हळू बोलतो. त्याच्याबरोबर सिद्धी होती. देवाप्पाही आला होता, पण तो काठावरच राहिला.

शुभंकर नागराजला सांगत होता, ‘‘सगळं नवीन करून घेतलंय. वायर आता पाइपमधून नेलीय, कुठंच मोकळी नाही. दोन्ही बॅटऱ्यांना डबल पट्टे. मागं मोठा कप्पाच बनवला, एकदम फिट.’’

‘‘सरी सार,’’ नागराज म्हणाला.

‘‘आणि पुढं काहीही ठेवायचं नाही. फळीवर बाबांचं नाव लिहून घेतलंय.’’

माझ्या अंगात वीज उरलेली असती तर ती त्या क्षणी उडाली असती. त्यानं वायर दुरुस्त केली. पट्टे दुरुस्त केले. आणि जी चूक होती ती वडिलांची आठवण म्हणून जपून ठेवली, पूर्वीपेक्षा पक्की करून. आता तिला कोण हात लावणार? पूर्वी तो निदान ‘करू ॲडजस्ट’ म्हणत होता.

देवाप्पा म्हणाला, ‘‘शुभंकर, एक सांगू काय?’’

मी कान टवकारले. बोल, देवाप्पा. या वेळी बोल.

‘‘बोल ना.’’

देवाप्पाच्या चपलेखाली काठावरचे खडे करकरले. बाप गमावलेल्या माणसाला, तुझ्या बापाच्या शब्दापायी बाप गेला, हे कसं सांगायचं? मला त्याची अडचण कळत होती आणि तरी मी त्याला शिव्या देत होते.

‘‘काय नाही,’’ देवाप्पा म्हणाला. ‘‘पोरीला जॅकेट घाल.’’

जॅकेट घातलं. ते मोठ्या माणसाच्या मापाचं असणार, कारण सिद्धी कुरकुरत होती, ‘‘बाबा, हे माझ्या कानावर येतंय.’’ शुभंकर म्हणाला, पुढच्या वेळी छोटं आणू. मग बोट पाण्यात उतरली आणि सरकत माझ्यावर आली. तिच्या पोटावरचा जुना ओरखडा मी ओळखला. खालून बोट फार खरी दिसते. पुढचं टोक पाण्याला जेमतेम टेकलेलं होतं आणि शेपटी खोल रुतलेली, त्या रविवारी होती तशीच.

वरून सिद्धीचा आवाज आला, ‘‘बाबा, मी पुढं बसू? तिथं कुणीच नाहीये.’’

‘‘नको गं पिल्लू. ती आबाजींची जागा आहे. तू इकडं मागं ये, माझ्यापाशी.’’

छोटी पावलं बोटीच्या तळावरून वाजत गेली, पुढून मागे. शेपटी आणखी थोडी खाली आली. मग माझ्या जागी बसवलेल्या नव्या पोरीनं इंजिनाला धक्का दिला आणि एका झटक्यात ते चालू झालं. चांगली आहे बिचारी. तिला अजून काही ठाऊक नाही.

वाचणाऱ्या माणसा, माझ्या तोंडात चिखल आहे आणि देवाप्पाच्या तोंडात भीड. तुला आवाज आहे. काठावर जा आणि त्या बापाला हाक मार. त्याला सांग, फूल वाहा, नाव लिही, नमस्कार कर, पण जड बॅटरी पुढे ने. तुझ्या वडिलांनी शेवटच्या क्षणी दोन्ही हातांनी लेकरू वाचवलं होतं, देवाची जागा नव्हे. त्यांना राग येणार नाही. शुभंकर, मुलीला पुढे बसव.